ट्रेकिंग पोल: आधी लॉक बघा, मग वजन

राजगडावरून गुंजवण्याच्या वाटेने उतरत होतो. चोर दरवाज्याखालचा कातळाचा टप्पा संपला आणि मुरमाड उतार सुरू झाला. ऑक्टोबरचे दिवस. वरचा थर सुकलेला, खालची माती अजून ओलसर, पाय टेकला की बारीक गोट्यांसकट सरकायचा. उजव्या हातातल्या पोलवर भार टाकून डावा पाय खाली ठेवणार, तेवढ्यात पोलची खालची नळी वरच्या नळीत सर्रकन शिरली. हातातली काठी हातातल्या हातात वीतभर आखूड झाली आणि गुडघा थेट दगडावर आपटला. हाड वाचलं, पण पुढचे दोन तास लंगडत उतरलो आणि नंतर महिनाभर जिना चढताना तो गुडघा दुखत राहिला.

तो पोल ऑनलाइन घेतलेला, जोडी साडेआठशे रुपयांना. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत वजन दिलं होतं, फक्त २१० ग्रॅम. लॉक कसलं आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. माझ्या मागून येणाऱ्या मित्राचा पोल २८० ग्रॅमचा, दिसायला साधा. तो त्याच उतारावर त्याच्या ऐंशी किलोंना धरून उभा राहिला. सत्तर ग्रॅम वाचवण्यासाठी मी काय सोडलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून कुणीही पोल घ्यायला सोबत चल म्हणालं की मी आधी लॉक बघतो, मग लांबी, आणि वजनाकडे शेवटी येतो.

आधी एक शंका दूर करू, कारण घरातली मोठी माणसं ती हमखास काढतात. पोल म्हणजे नुसती हौस आहे का? नाही. १९९९ साली ऑस्ट्रियातल्या हेरमान श्वामेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ अंशांच्या उतारावर माणसांना पोल घेऊन आणि पोलशिवाय उतरायला लावून गुडघ्यावर येणारा जोर मोजला. पोल असताना तो १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरला. काही भार हातांनी उचलला, आणि पोलमुळे माणसं किंचित पुढे झुकून उतरली, त्याचाही त्यात वाटा होता. आपल्याकडे तोरणा, कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडाच्या उतरणीवर हजार-हजार पावलं हाच जोर गुडघ्यावर येत राहतो. त्यामुळे पोलचा खरा उपयोग उतारावर. चढावर एकूण मेहनत कमी होत नाही, पायांची थोडी हातांकडे जाते एवढंच. पाठीवर मोठी सॅक असली की तेवढंही पुष्कळ वाटतं.

आता पैशांचं. भाव विचारताना पहिला प्रश्न हा विचारा की किंमत एका पोलची की जोडीची. मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत पोल बऱ्याचदा नगावर विकतात, ऑनलाइन जोडीवर. इथेच तुलना फसते. मी गेल्या वर्षभरात चौकशी केली त्यावरून भाव साधारण असे पडतात. साधा अ‍ॅल्युमिनियमचा पोल एक नग ६०० ते १,००० रुपये. बरं अ‍ॅल्युमिनियम, बाहेरून बंद होणारं लिव्हर लॉक आणि फोमची मूठ असा पोल नगाला १,५०० ते २,५००. परदेशी नावाजलेल्या कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची जोडी ८ ते १२ हजारांत. कार्बनची चांगली जोडी १२ हजारांपासून २० हजारांपर्यंत, घडीची असली तर वरच्या टोकाला. हे आकडे हंगामाप्रमाणे आणि सवलतीप्रमाणे हलतात. पावसाळ्याच्या तोंडावर आणि डिसेंबरच्या हिमालयाच्या गर्दीआधी सहसा चढे असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वर्षातून दहा-बारा वेळा सह्याद्रीत जाणाऱ्या आणि तीन-चार वर्षांतून एकदा हिमालयात जाणाऱ्या माणसाने दुसऱ्या पायरीवर थांबावं. जोडी ३,००० ते ५,००० रुपयांत बसते. वर्षाला बारा ट्रेक धरले आणि जोडी पाच वर्षं टिकली, तर चार हजारांच्या जोडीचा खर्च एका ट्रेकला सत्तर रुपयांच्या आत येतो. पंधरा हजारांच्या जोडीचा अडीचशे रुपये. हा जास्तीचा पैसा सह्याद्रीच्या दगडात वसूल होत नाही. का, ते पुढे येईल.

लॉक तीन प्रकारचं. पहिलं ट्विस्ट लॉक. नळीच्या आत प्लॅस्टिकचं फुगणारं बोंडुक असतं, नळी पिळली की ते फुगून आतून घट्ट बसतं. स्वस्त, हलकं, बाहेर काही टोचत नाही. पण नळीत माती गेली, पाणी शिरलं किंवा ते बोंडुक झिजलं, की ते फिरत राहतं आणि पकड घेत नाही. आपल्या पावसाळ्यातल्या चिखलात हे हमखास होतं. वर ते पुरेसं घट्ट झालंय की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. माझा पोल याच जातीचा होता. चांगल्या कंपनीची ट्विस्ट लॉकं वर्षानुवर्षं टिकतात, हे खरं. पण स्वस्तातलं ट्विस्ट लॉक पावसाळी ट्रेकसाठी मी कुणालाच घ्यायला सांगणार नाही.

दुसरं लिव्हर लॉक, काही जण फ्लिप लॉक म्हणतात. नळीच्या बाहेर चिमटा असतो, तो दाबून बंद करायचा. बंद आहे की उघडं, हे लांबूनही दिसतं. थंडीत जाड हातमोजे घालूनही चालवता येतं, आणि बर्फावर तर हा फार मोठा फायदा आहे. चिमट्याला बारीक स्क्रू असतो. लॉक ढिलं वाटलं की तो पाव-पाव फेरा कसायचा. काहींना चाक दिलेलं असतं, ते बोटांनीच फिरतं. निघण्याआधी या स्क्रूला कुठला स्क्रू-ड्रायव्हर लागतो ते बघून ठेवा. कधी नाणं चालतं, कधी षट्कोनी किल्ली लागते, आणि ती किल्ली घरच्या खणात राहिली तर डोंगरावर तिचा उपयोग नाही.

तिसरा प्रकार घडीच्या पोलचा. तंबूच्या कमानीसारखे तीन-चार तुकडे आणि आतून ओवलेली दोरी किंवा तार. वरची नळी ओढली की दोरी ताणली जाते, एक बारीक बटण टकदिशी बाहेर येतं आणि पोल ताठ होतो. बंद केल्यावर लांबी ३५ ते ४० सेंटीमीटर, म्हणजे सॅकच्या आत जाणारी. नळीत नळी जाणारा नेहमीचा पोल बंद करूनही ६० ते ६५ सेंटीमीटर राहतो. मात्र काही घडीच्या पोलची लांबी ठरलेली असते, कमी-जास्त होत नाही. धावणाऱ्यांना ते चालतं. चढउतारावर लांबी बदलू इच्छिणाऱ्यांनी लांबी बदलता येणाराच घ्यावा.

दुकानात पोल हातात आला की एक परीक्षा करा. तुमच्या लांबीला लावा, लॉक बंद करा, टोक फरशीवर रबरी टोपीसकट टेका, मुठीवर तळहात ठेवा आणि हळूहळू अंग टाका. धक्का मारू नका, सगळं वजन सावकाश येऊ द्या. नळी एका सेंटीमीटरनेही सरकली तर लॉक कसून पुन्हा करा. दुसऱ्यांदाही सरकली तर तो पोल परत ठेवा. दुकानदार नको म्हणत असेल तर त्या दुकानातून घेऊ नका. ऑनलाइन मागवलात तर हीच परीक्षा घरी करा, परत करण्याची मुदत संपायच्या आत. नळ्यांवर कमाल लांबीची खूण असते. ती ओलांडून नळी बाहेर काढली की आतला आधार कमी पडतो आणि पोल तिथेच वाकतो.

आता वजन. हातातलं वजन खरंच महत्त्वाचं आहे, कारण ते पाठीवरच्या वजनासारखं नुसतं वाहायचं नसतं, ते दर वेळी उचलायचं असतं. दिवसाला वीस हजार पावलं चाललात तर एकेक हात पोल साधारण दहा हजार वेळा उचलतो. एका पोलमध्ये ६० ग्रॅमचा फरक असेल तर दिवसभरात एका हाताने सहाशे किलो जास्त उचलले. हे गणित ऐकून माणसं कार्बनकडे धावतात. पण या गणितात एक गोष्ट सुटते. ते ६० ग्रॅम कुठे आहेत, हे. मुठीपाशी असलेलं वजन मनगटाला फारसं जाणवत नाही, टोकापाशी असलेलं जाणवतं, कारण पोल मुठीभोवती लोलकासारखा झुलतो. म्हणून तळाची नळी बारीक आणि हलकी आहे का, टोकाजवळची चकती उगाच मोठी आहे का, ते बघा. दुकानात पोल पन्नास वेळा पुढे-मागे झुलवून बघितलात की वजनाच्या आकड्यापेक्षा मनगट जास्त सांगतं. आणि घरी आल्यावर वाणसामानाच्या काट्यावर ठेवून वजन करा. काही जाहिरातींतलं वजन चकती आणि पट्टा सोडून दिलेलं असतं.

अ‍ॅल्युमिनियममध्येही फरक आहे. नळीवर किंवा डब्यावर ७०७५ किंवा ६०६१ असे आकडे छापलेले दिसतील. ही मिश्रधातूंची नावं. ७०७५ मध्ये जस्त असतं आणि ते ६०६१ पेक्षा बरंच मजबूत, म्हणून त्याची नळी पातळ काढता येते आणि पोल हलका होतो. दोन पोलच्या किमतीत दोनतीनशेचा फरक असेल तर ७०७५ घ्या. अशी अ‍ॅल्युमिनियमची जोडी ४५० ते ६०० ग्रॅम भरते. कार्बनची ३०० ते ४०० ग्रॅम, फार हलकी घडीची त्याहून कमी.

कार्बनचा स्वभाव वेगळा. लांबीच्या दिशेने भार टाका, तो खूप सोसतो. आडवा घाव मात्र सोसत नाही. दोन धोंड्यांच्या फटीत टोक अडकलं आणि तुमचं अंग पुढे गेलं, की अ‍ॅल्युमिनियम वाकतं. कार्बन एकदम तुटतो, तोही कधीकधी पूर्वीच्या ट्रेकमध्ये कातळावर घासून पडलेल्या बारीक चिरेपाशी. वाकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पोल गुडघ्यावर धरून थोडा सरळ करून पायथ्यापर्यंत पोचता येतं. तुटलेल्या कार्बनचं काहीच करता येत नाही, आणि त्याचे तंतू हातात घुसतात. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आठवा. वाट कसली, धोंड्यांचा नालाच तो. अशा ठिकाणी पोलचं टोक फटीत अडकणं रोजचंच. म्हणून सह्याद्रीसाठी माझी पसंती अ‍ॅल्युमिनियमला. कार्बन शोभतो तो मोकळ्या मातीच्या वाटांवर, बर्फावर, आणि आठ-दहा दिवसांच्या लांब चालीत, जिथे खांदे थकतात आणि पोल दगडात कमी अडकतो. तुमचा बेत तसा असेल तर खुशाल घ्या. फक्त फार स्वस्तात मिळणाऱ्या कार्बनपासून जपा. काहींना नुसता कार्बनसारखा दिसणारा कागद गुंडाळलेला असतो. धातूची नळी हाताला गार लागते आणि नखाने टिचकी मारली की खणकते. कार्बन तेवढा गार लागत नाही आणि आवाज बद्द येतो.

मूठ फोमची किंवा कॉर्कची घ्या, घाम शोषते. निव्वळ रबरी मूठ उन्हाळ्यात हात सोलते. मुठीखाली आणखी वीतभर फोम असेल तर उत्तम, का ते लगेच सांगतो. आत स्प्रिंग असलेल्या पोलसाठी जास्त पैसे देऊ नका. मनगटाचं जुनं दुखणं असेल तरच त्याचा विचार करा, कारण स्प्रिंगने वजन वाढतं आणि टेकल्यावर पोल जरासा दबतो, नेमका जिथे ठाम हवा तिथे.

लांबी सांगायला दुकानदाराची गरज नाही. बूट घालून सपाट जमिनीवर उभे राहा, टोक पावलाशेजारी टेका, मूठ धरल्यावर कोपर काटकोनात आलं पाहिजे. उंचीला ०.६८ ने गुणलं की जवळजवळ तोच आकडा येतो. पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटीमीटर उंचीला ११२ च्या आसपास. चढावर पाच ते दहा सेंटीमीटर कमी करा, उतारावर तेवढीच वाढवा. डोंगराच्या कुशीतून आडवं जाताना वरच्या अंगाचा पोल आखूड आणि खालच्या अंगाचा लांब लागतो. तिथे दर वेळी लॉक उघडत बसायचं नसेल तर मुठीखालचा तो फोम धरायचा. बुटक्या माणसांनी, विशेषतः बायकांनी आणि मुलांनी, पोल किमान किती आखूड होतो ते आवर्जून बघावं. बरेच पोल वापरायच्या लांबीत १०० किंवा १०५ सेंटीमीटरखाली जात नाहीत आणि १५० उंचीच्या माणसाला चढावर ते उंच पडतात.

पट्टा कसा घालायचा हे न शिकल्यामुळे अर्धे लोक पोलचा अर्धाच फायदा घेतात. हात पट्ट्यातून खालून वर घाला, मग पट्टा आणि मूठ एकत्र पकडा. आता भार मनगटाच्या मागून पट्ट्यावर येतो आणि बोटं सैल ठेवता येतात. वरून खाली हात घातला की पट्टा नुसता लोंबतो आणि तुम्ही दिवसभर मूठ आवळून धरता. संध्याकाळी बोटं आखडतात, ती त्यामुळे. उतारावर पोल आधी खाली टेका, मग पाय टाका, पाठीमागे रेलू नका. उंच पायरी असेल तर दोन्ही पोल एकदम खाली टेकून दोन्ही हातांत भार वाटा.

आणि पोल कधी बंद करायचा, हेही ठरलेलं असू द्या. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, हरिहरच्या कोरीव पायऱ्या, कुठलाही रॉकपॅच. तिथे हातांना खोबणी आणि कठडे लागतात. मनगटात लोंबणारा पोल शिडीच्या गजात अडकतो आणि माणसाला मागे ओढतो. टप्पा सुरू व्हायच्या आधी थांबा, पोल बंद करून सॅकला बांधा, टोक वर राहत असेल तर त्यावर रबरी टोपी घाला. मागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांची ती उंची असते. ओढा ओलांडताना पोल हातातच ठेवा, पण पट्ट्यातून हात काढून, म्हणजे पोल वाहून गेला तर तुम्ही त्याच्यासोबत जाणार नाही.

टोकाला टंगस्टन कार्बाइडचा बारीक खिळा असतो. मातीत आणि शेवाळलेल्या दगडावर तो चांगला रुततो. पण गडाच्या पायऱ्या, लेणी, तटाची फरसबंदी यांवर रबरी टोपी घाला. धातूचं टोक कातळावर पांढरे ओरखडे सोडतं. जुलै २०२५ मध्ये राजगड, रायगड, साल्हेर, लोहगड, शिवनेरी यांच्यासह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्या पायऱ्यांवर हजारो धातूची टोकं दर शनिवार-रविवारी टोचली जावीत, हे मला बघवत नाही. टोप्यांची जोडी १०० ते २०० रुपयांना मिळते आणि ती हरवणारच, म्हणून दोन जोड्या घ्या. पोलऐवजी जंगलातली कारवी मोडून काठी करायची जुनी सवय तर सोडाच. एका दिवसासाठी वाढतं झाड मोडायचं, आणि ती काठी ऐन भारात कडकन मोडते.

पैसे खर्च करायचे नसतील तर लाकडी काठीही वाईट नाही, हे मनापासून सांगतो. आईला घेऊन गिरनारला गेलो होतो. दत्तशिखराच्या सुमारे दहा हजार पायऱ्या, तिचं वय सदुसष्ट. तिने माझा पोल हातात घेतला, दोन पायऱ्या चढली आणि परत दिला. मग तलेटीला मिळणारी बांबूची काठी घेतली, छातीपर्यंत उंच. चढताना ती काठी मध्यावर धरायची, उतरताना वरच्या टोकाशी. जे लॉक उघडून-बंद करून आपण साधतो, ते ती नुसता हात सरकवून साधत होती. पायऱ्यांची वाट, एकच दिवस, एकच काठी, एवढ्यासाठी नव्या पोलची गरज नाही. काठी निवडताना ती वाकवून बघा, पेरांपाशी चीर नाही ना ते पाहा, आणि खालचं टोक घासून गुळगुळीत झालं असेल तर दुसरी घ्या.

भाड्याचा पर्यायही आहे. केदारकंठाला जाणाऱ्यांना सांकरीत पोल, गेटर, जॅकेट भाड्याने मिळतात, आणि पुण्या-मुंबईतही ट्रेकचं सामान भाड्याने देणारी दुकानं आहेत. एका पोलला दिवसाला साधारण ५० ते १०० रुपये. सहा दिवसांच्या ट्रेकला दोन पोलचे ६०० ते १,२०० रुपये होतात, वर अनामत. आयुष्यात एकदाच हिमालयात जायचं असेल तर भाड्याचाच घ्या. दुसऱ्यांदा जायची खात्री असेल तर विकत घ्या. भाड्याचा पोल घेताना मघाची अंग टाकायची परीक्षा दुप्पट काळजीने करा, टोकाचा खिळा शाबूत आहे का बघा, आणि बर्फाची मोठी चकती मागून घ्या. चकतीशिवायचा पोल भुसभुशीत बर्फात मुठीपर्यंत आत जातो. आधीच असलेली वाकडीतिकडी जागा दुकानदाराला दाखवून फोटो काढून ठेवा, परत देताना अनामतीवरून वाद होत नाही.

स्कीच्या पोलचं प्रकरण जरा वेगळं. गुलमर्ग किंवा औलीला शिकायला जाणाऱ्यांनी पोल विकत घेऊन जाऊ नये. स्की, बूट आणि पोल असा संच तिथे भाड्याने मिळतो आणि बऱ्याच संस्थांच्या अभ्यासक्रमाच्या शुल्कात तो धरलेलाच असतो. पैसे भरण्याआधी ते लेखी विचारून घ्या. उतारावरच्या स्कीचा पोल एकाच नळीचा, ठरलेल्या लांबीचा असतो, म्हणून त्यात लॉक सरकायची भानगडच नाही. बांबू आणि पोलादाच्या जागी आज दिसतो तो निमुळता अ‍ॅल्युमिनियमचा स्की पोल अमेरिकेतल्या सन व्हॅलीच्या एड स्कॉटने १९५८ साली बाजारात आणला.  त्याची लांबी काढायची रीत अशी की पोल उलटा धरायचा, मूठ जमिनीवर, हात चकतीच्या लगेच खाली, आणि कोपर काटकोनात. टोक बर्फात जेवढं जातं तेवढं यात आपोआप धरलं जातं. उंचीला ०.७ ने गुणलं तरी चालतं. १६५ सेंटीमीटरला ११५. सपाटीवरच्या नॉर्डिक स्कीचे पोल खूपच लांब असतात, जवळजवळ काखेपर्यंत. नातेवाइकाकडून परदेशातून मागवताना हा गोंधळ होतो, तेव्हा प्रकार स्पष्ट सांगा.

ट्रेकिंगचा पोल स्कीसाठी चालेल का, हा प्रश्न मला वारंवार येतो. चढून जाऊन मग घसरत उतरायच्या टूरिंग स्कीसाठी लिव्हर लॉकचा, लांबी बदलणारा, मोठ्या चकतीचा पोल वापरतातच. चढताना लांब, उतरताना आखूड. पण तयार केलेल्या उतारावर वेगाने स्की करताना पोलवर एकदम झटका बसतो आणि स्वस्त लॉक तिथे टिकत नाही. उलट बाजूने, जुना स्की पोल गडावर न्यायला मात्र काही हरकत नाही, एवढंच की लांबी बदलता येत नाही. स्की करताना दाट झाडीत आणि हिमस्खलनाचा धोका असलेल्या उतारावर पट्ट्यातून हात काढतात. पोल अडकला तर तो सुटायला हवा. आणि पडताना मूठ सोडून द्यायला शिका. पोल मुठीत राहिला तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध ताणला जातो किंवा तुटतो, डॉक्टर त्याला स्कीअर्स थंब म्हणतात. ती दुखापत वेळेवर दाखवली नाही तर पकड कायमची कमी होते. बर्फात पडल्यावर अंगठा सुजला तर शेक देत बसू नका, दाखवा.

विमानाने डेहराडून किंवा श्रीनगरला जाताना पोल चेक-इनच्या सामानात टाका. टोकदार वस्तू म्हणून सुरक्षा तपासणीत तो हातातल्या बॅगेतून काढून घेतला जाऊ शकतो. टोकांना टोप्या घालून, पोल तंबूच्या पिशवीत किंवा झोपायच्या मॅटमध्ये गुंडाळून सॅकच्या आत ठेवा. बाहेर बांधलेला पोल सामानाच्या पट्ट्यावर वाकून येतो.

घरी आल्यावरचं काम दहा मिनिटांचं. नळ्या पूर्ण वेगळ्या करा, चिखल ओल्या फडक्याने पुसा आणि बाल्कनीत सावलीला एक रात्र सुट्या ठेवा. ओल्या नळ्या एकमेकांत घालून ठेवल्या की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट थर धरतो, आणि पुढच्या ट्रेकच्या पहाटे नळी बाहेरच येत नाही. लॉकला किंवा नळीला तेल, ग्रीस काही लावू नका, लॉक धरतं ते घर्षणावरच. टोकाचा खिळा झिजून सपाट झाला की बऱ्याच कंपन्यांची टोकं सुटी मिळतात. जुनं टोक उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून पकडीने पिळलं की निघतं. नवं टोक नळीवर दाबून बसवायचं आणि पोल लाकडी पाटावर दोन-चार वेळा आपटायचा. खरेदी करतानाच दुकानात विचारा की ही टोकं आणि लॉकचे भाग त्यांच्याकडे मिळतात का. मिळत असतील तर शे-दोनशे जास्त द्यायला हरकत नाही. परदेशातून आणलेल्या पोलचा एक प्लॅस्टिकचा चिमटा तुटला आणि अख्खी जोडी माळ्यावर गेली, असं मी दोन घरांत पाहिलं आहे.

राजगडानंतर घेतलेल्या जोडीला आता सहा पावसाळे झाले. एक टोक बदललं आहे आणि डाव्या पोलची मधली नळी किंचित वाकलेली आहे, नळीच्या वाटेतल्या एका धोंड्यापाशी. लॉकचा स्क्रू दर ट्रेकआधी पाव फेरा कसतो.